अण्णा आले का गं?

एका रविवारी मी मोजलं होतं. ४३ वेळा. सकाळी दुधाची पिशवी कापल्यापासून रात्री आईला गोळी देऊन आडवं करेपर्यंत "अण्णा आले का गं?" हा एकच प्रश्न ४३ वेळा. मी अकाउंट्सवाली बाई, त्यामुळे फ्रिजला लटकवलेल्या कॅलेंडरवर चार उभ्या एक आडवी अशा रेघांच्या जुड्या मारत गेले आणि रात्री नवऱ्याला दाखवल्या, तर तो म्हणाला मोजतेस कशाला, त्याने त्रास वाढतो. खरं होतं त्याचं. पण मोजलं नाही की मला वाटायचं मीच वाढवून सांगतेय, एवढं काय त्यात, म्हातारं माणूस आहे, विचारणारच.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन ९ वर्षं झाली. आई ७९ वर्षांची, मुरबाड तालुक्यात झेडपीच्या शाळांवर आख्खी नोकरी केलेली, बाईंचा दरारा असा की वर्गाबाहेर उभे असलेले बापे पण तिला बघून विडी विझवायचे. चारेक वर्षांपूर्वी विसरायला लागली. आधी गॅस, मग चाव्या, मग माझ्या मुलाचं नाव. डॉक्टरांनी तपासण्या करून अल्झायमर सांगितलं. गंमत म्हणजे एकोणतीसचा पाढा अजून धडाधडा म्हणते, कुठेही अडकत नाही, आणि सकाळी काय खाल्लं ते विचारलं तर माझ्याकडेच बघते. जुनं घट्ट बसलेलं टिकतं आणि नवीन काही आत जातच नाही, असा हा आजार.

संध्याकाळ सगळ्यात वाईट. दिवस मावळायला लागला की डिमेन्शियाच्या बऱ्याच पेशंटची घालमेल वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. आमच्याकडे त्याला साडेसहा म्हणतात. कारण अण्णा कल्याणच्या लोको शेडला फिटर होते आणि जनरल शिफ्ट असली की साडेसहाला घरी यायचे, म्हणून बरोब्बर साडेसहाला आई दाराशी जाऊन कडी काढायला लागते. घड्याळ वाचता येत नाही आता तिला. तरी साडेसहा कळतात.

तर गेल्या जूनमधली गोष्ट. जीएसटी रिटर्नची तारीख, आईला सांभाळायला ब्युरोतून येणाऱ्या मावशींनी पावसामुळे दांडी मारलेली, मी घरूनच लॅपटॉपवर बसलेले, आणि वीस मिनिटांत सातव्यांदा "अण्णा आले का गं?". मी मान वर न करता "येतील" म्हटलं. पुढच्या वेळी वर बघितलं तेव्हा दार सताड उघडं आणि आई अर्ध्या जिन्यावर, अनवाणी, गाऊन ओला. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि ओढलं. नुसतं धरलं असं लिहिणार होते, पण ओढलं. आणि ओरडले, "अगं अण्णा मेले! मेले ते! ९ वर्षं झाली!"

आमच्या घरात अण्णा "गेले" असंच म्हणत, "मेले" असं कोणीच कधी म्हटलं नव्हतं, मी पण नाही.

आई जिन्यातच बसली. तिच्यासाठी ते आत्ता घडलं होतं ना. "मला कोणी सांगितलं कसं नाही?" असं म्हणत ती जी रडायला लागली ते शेजारच्या ताई बाहेर आल्या. घरात आणलं, चहा दिला, अर्ध्या तासाने ती शांत झाली आणि म्हणाली, "अण्णा आले का गं?"

दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना मनगटावर चार बोटांचे निळे वळ. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, जरा दाबलं तरी उठतं. "हे काय झालं गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "पडलीस." ती म्हणाली, "वेंधळीच आहे मी."

इगतपुरीच्या विपश्यना शिबिराचं नाव ट्रेनच्या ग्रुपमधल्या एकीने आधीही काढलं होतं, मी उडवून लावलं होतं. दहा दिवस न बोलता बसायचं हे काम नसलेल्या लोकांचे धंदे असं माझं मत. (नवरा म्हणाला तू दहा दिवस गप्प बसलीस तर मी तिकडे देणगी देईन.) पण त्या वळांनंतर मला माझीच भीती वाटायला लागली होती. आमच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलले, त्यांनी झोप, बीपी वगैरे बघितलं, काउन्सेलरकडे पाठवलं, तिथे दोनदा जाऊन आले, बरं वाटलं. मग फॉर्म भरला. फॉर्ममधे मानसिक आजार, चालू औषधं, व्यसन सगळं विचारतात आणि ते खरं लिहायला पाहिजे, कारण दहा दिवस स्वतःबरोबर कोंडून बसणं हे काही स्पा नाही, ज्यांची आधीच तब्येत नाजूक आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये हे माझं स्पष्ट मत. बेंगळुरूच्या धाकट्या भावाला फोन केला, १२ दिवस सुट्टी काढून ये म्हटलं. तो म्हणाला, ताई मला जमेल का? मी म्हटलं, मला पण माहीत नाही मला जमतंय का.

ऑगस्टमधे कल्याणहून गाडी पकडली. कसाऱ्याला गाडी थांबली आणि मागून धक्का बसला तेव्हा एकदम आठवलं, बँकर. घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, नुसत्या पुढच्या इंजिनाने भागत नाही म्हणून मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. लहानपणी नाशिकला जाताना अण्णा दर वेळी हे सांगायचे, दर वेळी तेच वाक्य, "आता बघ, मागून ढकलणार", आणि आम्ही दोघं भावंडं दर वेळी खिडकीतून मान बाहेर काढायचो. तेव्हा कोणी मोजलं नव्हतं.

धम्मगिरी, म्हणजे शिबिराचं केंद्र, इगतपुरी गावाच्या वर डोंगराच्या पायथ्याशी आहे. बर्मी पद्धतीचं मोठं प्रवेशद्वार, आत सोनेरी पॅगोडा, ऑगस्टमधे तर सगळं धुक्यात, पॅगोडाचा फक्त खालचा भाग दिसायचा. पोचल्यावर नाव नोंदवायचं, मोबाईल, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा. पेन देताना माझा हात अडखळला, मोजणार कशावर? फी नाही. राहणं-जेवण सगळं आधी कोर्स केलेल्या लोकांच्या दानातून चालतं, आणि दान पण कोर्स पूर्ण केला तरच देता येतं. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. संध्याकाळी पंचशील घ्यायचं, हत्या नाही, चोरी नाही, ब्रह्मचर्य, खोटं नाही, नशा नाही. आणि मग आर्य मौन, म्हणजे बोलणं तर नाहीच, खुणा पण नाही, नजरानजर पण नाही.

पहाटे ४ ला घंटा. साडेचारला हॉलमधे. साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण, ५ ला चहा, एखादं फळ, कुरमुरे, बस, त्यानंतर काही नाही. मधे सगळं मिळून दहा-साडेदहा तास बसणं. संध्याकाळी ७ ला गोयंकाजींचं, म्हणजे ज्यांनी हे केंद्र सुरू केलं त्यांचं, रेकॉर्ड केलेलं प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले तीन-साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा, आनापान. घ्यायचा नाही, सोडायचा नाही, मोजायचा तर अजिबातच नाही, नुसता नाकाच्या दारात येतोय जातोय तो बघायचा. लक्ष सुटलं की परत सुरू करायचं, न चिडता.

न चिडता! मी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोणाकोणावर चिडले त्याची यादी: मागच्या रांगेतल्या ढेकर देणाऱ्या काकू, स्वतःचा डावा गुडघा, भाऊ, भावाची बायको, ब्युरोच्या मावशी, पाऊस. एका श्वासाला लक्ष, दुसऱ्या श्वासाला "आईची दुपारची गोळी दिली असेल का", तिसऱ्याला "लिहून दिलंय मी, वाचता येत नाही का त्याला". दुसऱ्या दिवशी बॅग भरली होती. खरंच. मग विचार केला घरी जाऊन सांगू काय, आणि परत उपसली.

प्रवचनं मात्र मला आवडायला लागली, मुख्य म्हणजे माणसाला विनोदाचं अंग होतं. गोयंकाजी मूळचे मंडालेचे, १९२४ चा जन्म, मारवाडी व्यापारी घराणं, प्रचंड मायग्रेन, मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यायला लागायची. १९५५ मधे रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी घ्यायलाच नकार दिला, म्हणाले डोकेदुखी घालवायला येणार असशील तर येऊ नकोस. आणि हे ऊ बा खिन कोण, तर बर्माचे अकाउंटंट जनरल! ऑफिसच्या हाताखालच्या लोकांना पण त्यांनी ध्यान शिकवलं. हे ऐकून मी पहिल्यांदा सरळ बसले. एवढे दिवस ध्यान म्हणजे भगवी वस्त्रं असं डोक्यात होतं, आणि इथे तर सरकारी हिशोब तपासणारा माणूस निघाला. १९६९ मधे गोयंकाजी भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीचं केंद्र. पण माझ्या डोक्यात ते डोकेदुखीचं वाक्य अडकलं, कारण मी पण गिऱ्हाईकासारखीच आले होते, राग काढून द्या म्हणून.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला पटली. राग नुसता राग म्हणून बघायला गेलं की ज्याच्यावर राग आहे ते माणूस समोर येतं आणि अजून भडका उडतो. पण राग आला की दोन गोष्टी होतात, श्वास बदलतो आणि अंगावर कुठेतरी काहीतरी सुरू होतं, आणि हे दोन्ही साध्या माणसाला बघता येतं. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू झाली, म्हणजे तेच, डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग घेऊन तिथे काय जाणवतंय ते बघायचं, गरम, गार, खाज, मुंग्या, ठोके, जे असेल ते, आणि त्यावर काही करायचं नाही. मग अधिष्ठान, दिवसातून तीन वेळा एकेक तास हात-पाय-डोळे न हलवता. पहिल्या अधिष्ठानात ४० मिनिटांनी (अंदाजे, घड्याळ नव्हतं) गुडघा असा पेटला की डोळ्यांतून पाणी. आणि तेव्हा, माझ्या भाषेत सांगायचं तर, जी एकरकमी मोठी एंट्री वाटत होती तिचं ब्रेकअप निघालं. एक ठणका, एक ओढ, एक गरम पट्टा, आणि उरलेली सगळी रक्कम म्हणजे "अजून किती वेळ" ही चिंता. ती सगळ्यात मोठी होती.

उजव्या तळहाताचं सांगायचं राहिलं. बाकी अंगावर काही कळत नव्हतं, दंड बधिर, पाठ बधिर, पण उजव्या तळहातावर आले की लगेच, अगदी स्पष्ट, एक बारीक हाड. गोल. बांगडीसकट. मी तिथून सटकायचे. चक्क चोरी करायचे, डावा हात नीट बघून झाला की उजव्याच्या कोपरावरून थेट मानेवर उडी. कोणाला कळणार होतं? दोन दिवस असंच चाललं.

मला वाटलं होतं की रागाच्या खाली मोठं काहीतरी निघेल. अण्णांचं दुःख वगैरे, मी नीट रडले नव्हते ते गेले तेव्हा, सगळे म्हणाले होते कधीतरी बाहेर येईल. मी वाट बघत बसले होते. नाही आलं. जे आलं ते भलतंच होतं.

सातव्या दिवशी ११ च्या जेवणाला गरम वरण-भात घेतला आणि पूर्ण खाल्ला. गरम. मधे कोणी हाक मारली नाही, कोणी कडी काढली नाही. ताट घासताना वाटलं, किती बरं वाटतंय. इतपत ठीक. दुपारी १ ला हॉलमधे बसले आणि ते वाक्य आपोआप पूर्ण झालं: ती गेली की असं असेल.

पोटात गार, हलकं, लिफ्ट खाली जाताना होतं तसं. आणि लगेच मागोमाग कान तापले, गळा आवळला आणि मग मी माझी जी काही संभावना केली स्वतःशी ती इथे लिहीत नाही. जन्म दिला तिने, तीन तास पायपीट करून शाळेत जायची, आणि तू. पुढचा सगळा तास त्यातच. रात्री झोप नाही. बाहेर पाऊस आणि मधेच खालून घाट चढून आलेल्या गाडीचा भोंगा.

दुपारी १२ नंतर सहायक आचार्यांना भेटून प्रश्न विचारता येतो. आठव्या दिवशी मी नाव दिलं. साठीच्या बाई होत्या, शांत, चेहऱ्यावर काही नाही. मी सगळं सांगितलं, आईचं, वळांचं, त्या वाक्याचं. मनातून अपेक्षा अशी की त्या म्हणतील, अहो सगळ्यांना वाटतं असं, तुम्ही वाईट नाही. त्या म्हणाल्या, "तेव्हा शरीरावर काय जाणवत होतं?" मी सांगितलं. म्हणाल्या, "किती वेळ टिकलं?"

मला सांगता येईना. मी! आईचे प्रश्न मोजणारी, एक रुपयाच्या फरकासाठी तीन तास व्हाउचर चाळणारी, आणि हे किती वेळ टिकलं ते मला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, "बघा." संपली भेट. मला इतका राग आला त्यांचा की परत हॉलपर्यंत चालताना जबडा दुखत होता, डावीकडे, दाढेच्या वर. आणि तिथेच, चालता चालता, पहिल्यांदा मला राग आधी जबड्यात कळला आणि "काय बाई आहे" हे वाक्य नंतर आलं. असा क्रम असतो हे मला ५१ व्या वर्षी कळलं.

मग मी बघितलं. ते वाक्य परत आलंच, संध्याकाळी. पोटात गार, कान गरम. मी काही न करता बसले तर आठ-दहा श्वासांत ओसरलं. मग परत. नवव्या दिवशी सकाळी परत. मोजायचं नव्हतं पण मोजलं, सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी ते असं यायचं जसं काही पहिल्यांदाच येतंय, तेवढंच ताजं, तेवढंच भयंकर. आणि मला तिथे, त्या दोनशे-तीनशे बायकांच्या चिडीचूप हॉलमधे हसू फुटायची वेळ आली, कारण हे मला ओळखीचं होतं. आई ४३ वेळा एकच प्रश्न विचारते म्हणून मी डोकं फिरवून घेते, आणि मी सात दिवस सकाळी साडेचारपासून तेच करत होते, कधी संपणार, कधी संपणार, कधी संपणार. फक्त माझा तोंडातून बाहेर येत नव्हता एवढाच फरक.

त्या दिवशी उजव्या तळहातावर थांबले. हाड होतंच तिथे. थांबले. जरा गरम झालं, मग नाडीचे ठोके लागायला लागले, ते तिचे नव्हते, माझेच होते. त्याच्यापुढे काही नाही. प्रकाश दिसला, ओझं उतरलं असं काही सांगणाऱ्या बायका मला दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर भेटल्या, माझ्या बाबतीत काही उतरलं नाही. तळहात गरम झाला.

अकराव्या दिवशी सकाळी मोबाईल परत मिळाला. भावाचे ६८ मेसेज. पहिले काही मोठे, घाबरलेले. मग छोटे होत गेलेले. "आज १९." "आज ३१ ताई, तू कशी करतेस हे." मोजायची खोड घराण्यातलीच दिसते. शेवटून दुसरा मेसेज: "काल मी ओरडलो तिच्यावर. खूप. येशील तेव्हा बोलू." मी प्लॅटफॉर्मवर वडापाव खात ते वाचलं आणि भावाबद्दल इतकं प्रेम मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता खरं काय बदललं ते सांगते, कारण असे अनुभव लिहिताना लोक इथेच थाप मारतात. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. मी सकाळी २० मिनिटं बसते, आठवड्यातून चार-पाच दिवस. भावाने पैसे द्यायला सुरुवात केली आणि मावशी आता रात्री ८ पर्यंत थांबतात. दाराला वरच्या बाजूला दुसरी कडी लावली. श्रेय वाटायचं झालं तर निम्मं मावशींना आणि कडीला, उरलेलं इगतपुरीला. माणूस एकटं दिवसभर पेशंट सांभाळत असेल तर त्याला नुसतं श्वास बघ म्हणून सांगू नका कोणी, आधी दोन तास सुट्टी द्या.

पण उरलेलं निम्मं आहे. साडेसहाला प्रश्न आला की माझा डावा जबडा आवळतो. ते मला आता कळतं, रोज नाही, पण कळतं. आणि उजवी मूठ. मी तळहात गाऊनला पुसते, ही माझी स्वतःची युक्ती, कोणी शिकवली नाही. तेवढा एक-दोन सेकंद वेळ मिळतो. त्या दोन सेकंदांत मोठं काही करता येत नाही, आवाजाची पट्टी खाली आणता येते.

उत्तर काय द्यायचं हा वेगळाच घोळ झाला. डॉक्टरांनी आधीपासून सांगितलेलं की तिला दुरुस्त करू नका, दर वेळी नव्याने धक्का बसतो तिला. म्हणजे "येतील" म्हणायचं. आणि मी तर नुकतीच खोटं बोलणार नाही म्हणून शील घेऊन आलेली! पहिल्याच संध्याकाळी मोडलं. मग एक दिवस, काही ठरवून नाही, मी उत्तराऐवजी उलट विचारलं, "काय आणायला सांगितलंयस त्यांना?" आई थांबली. म्हणाली, "शेवंतीची वेणी. पण ते आणतील कण्हेर." आणि हसली. प्रश्न विचारणं हे खोटं बोलण्यात येत नाही असा मी माझ्यापुरता निकाल दिलाय. तेव्हापासून मी रोज काहीतरी विचारते. डब्याला काय दिलं होतंस, कुठल्या गाडीने येणार, भांडलात का. कधी उत्तर येतं, कधी नुसतं बघते. या सगळ्यात अण्णांबद्दल मला जे कळलं ते माझ्याकडेच ठेवते.

ओरडण्याचा हिशोब पण ठेवलाय, डायरीत मागच्या पानावर. जूनपर्यंत रोजचंच होतं, मोजण्यात अर्थ नव्हता. सप्टेंबर ६. ऑक्टोबर ४. नोव्हेंबर ९, मला ताप होता आणि ऑफिसात ऑडिट. भावाला पाठवते दर महिन्याला, तो अंगठा पाठवतो.

नोव्हेंबरमधल्या त्या नवातलं शेवटचं. लाईट गेलेले, मावशी लवकर घरी गेलेल्या, मी मेणबत्ती शोधतेय, अंगात कणकण, आणि मागून, "अण्णा आले का गं?" जबडा वगैरे काही कळलं नाही. सरळ ओरडले, "गप बस ना आई जरा!"

अंधारातून आवाज आला, एकदम खणखणीत, शाळेतला. "कोण ओरडतंय? वर्गात मुलं बसलीयत. इकडे ये."

मी गेले.

"हात पुढे कर."

मी उजवा हात पुढे केला. तिने तो धरला, उलटा केला, सुलटा केला, बराच वेळ बघितला, आणि मला दिसलं की पुढे काय करायचं होतं ते तिला आठवत नाहीये. दुसऱ्या हातात तिच्या चहाबरोबरचं अर्धं बिस्कीट होतं, ओलं झालेलं. ते तिने माझ्या तळहातावर ठेवलं.

"खा. आणि एकोणतीसचा म्हण."

"एकोणतीस एके एकोणतीस," मी सुरू केलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी." सहापर्यंत गेले आणि अडकले.

"साती दोनशे तीन," आई म्हणाली. "पुढे?"